आवाज नऊ, स्वच्छ

जबाब देणार: टेलर (दुकानाच्या पाटीवर हेच आहे, लोकही याच नावाने ओळखतात). वय ५६ वर्षे. धंदा शिवणकाम. राहणार दुकानाच्या वरचा मजला, पाण्याच्या टाकीमागची गल्ली.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारले त्याप्रमाणे सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. आमच्या समोरच्या घरात राहणारे निवृत्त विज्ञान शिक्षक, ज्यांना सगळी गल्ली सर म्हणते, ते काल रविवारी टेकडीवरच्या बंद खाणीत मरण पावले. त्याबद्दल मला माहीत आहे ते सांगत आहे. सरांचे आणि माझे भांडण नव्हते. गेली दोन वर्षे गिऱ्हाईक सोडले तर माझे बोलणे बहुतेक त्यांच्याशीच होत असे.

सरांना हौशी रेडिओचा नाद होता. म्हणजे घरातल्या सेटवरून, स्वतःच्या अँटेनावरून, हवेतून दूरदूरच्या माणसांशी बोलायचे. तो नाद त्यांनी मला लावला. मी परीक्षा पास झालो आहे, परवाना यायचा आहे. तोवर फक्त ऐकायची मुभा असते. सरांनी त्यांचा जुना सेट मला वापरायला दिला होता. अँटेना मात्र ज्याचा त्याने करायचा, असा त्यांचा दंडक. मी तयार विकत आणू का म्हणालो, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या मापाचा कोट तुम्ही गिऱ्हाइकाला घालता का?"

बाल्कनीत उभी दांडी लावावी की गच्चीवर तार ताणावी, यात माझे दोन महिने गेले. शेवटी तार ठरली. मधे एक जोड, तिथून केबल खाली सेटपर्यंत, आणि दोन्हीकडे दहा-दहा मीटरच्या दोन बाह्या. तार मी दुकानातल्या टेपने मापली आणि दोन्ही टोकांना वीतभर दाब ठेवला, कारण जास्तीचे कापता येते, कमी पडलेले वाढवता येत नाही. टोकांना कोटाची मोठी बटणे बांधली, म्हणजे तार गच्चीवरच्या पाइपला टेकत नाही. सर आधी हसले, मग चष्मा लावून बटणे बघितली आणि चालतील म्हणाले. मला त्याचा अभिमान वाटला होता.

तपासल्याशिवाय अँटेनावर बोलू गेले तर सेट जळू शकतो. म्हणून मी माइक काढून, अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. सेट सरांचा, त्यामुळे जरा जास्तच जपत होतो.

शनिवारी दुपारी सर दुकानात आले. मी तेव्हा काज करत होतो. ते म्हणाले, "उद्या दहा वाजता मी खाणीपाशी जातो आणि छोट्या सेटवरून साडेअकरापर्यंत बोलत राहतो. तुम्ही तार कमीजास्त करून बघा. मी काहीही बडबडेन. शब्दांकडे लक्ष देऊ नका, आवाजाकडे द्या. एक ते नऊ आकडा टाका आणि वहीत वेळ लिहा." त्या सेटचा आवाज आमच्या वस्तीपलीकडे जात नाही. शिवाय दुसऱ्या कोणाला त्रास नको म्हणून त्यांनी सेटवर कोणीच बोलत नाही अशी रिकामी जागा निवडली होती. म्हणजे ऐकणारा मी एकटाच. मोबाइल ते नेहमी स्कूटरच्या डिकीत ठेवत, कारण त्याची घरघर सेटमध्ये येते. हे मला माहीत होते.

सर नकला फार छान करत. गेल्या महिन्यात त्यांनी मला सेटवरून (समोरच्या घरातले बोलणे अँटेना नसतानाही ऐकू येते) घाबऱ्या आवाजात सांगितले की, टेलर, तुमच्या दुकानाच्या मागून धूर येतोय. मी बादली घेऊन धावलो. मागे काहीच नव्हते. गल्लीत माझे चांगलेच हसे झाले आणि आठवडाभर जो तो बादलीची चौकशी करून गेला.

काल मी गच्चीवर आणि पत्नी खाली सेटपाशी, अशी वाटणी होती. खिडकीतून ती आकडा सांगे, मी वर कात्री चालवी. दहा वाजून पाच मिनिटांनी सर सुरू झाले. एकोणिसाचा पाढा म्हटला, मग बस कंडक्टर आणि म्हातारी प्रवासी यांचे भांडण दोन्ही आवाजांत केले. आवाज तीन. मी दोन्ही बाजूंनी चार-चार बोटे तार कापली. आवाज चार.

दहा पस्तीसला पत्नी खिडकीतून म्हणाली, "अहो, दगड पडला म्हणतायत सर. पाय अडकलाय म्हणतायत."

मी म्हणालो, "ते काय म्हणतायत ते नको सांगूस. आवाज कसा येतोय ते सांग."

"पाच. पण मला हे नाटक वाटत नाही."

"तुला सर माहीत नाहीत. या वेळी बादली घेऊन पळणार नाही मी."

हे शेवटचे वाक्य मी स्वतः लिहायला सांगत आहे. लिहिणाऱ्या साहेबांनी त्याची गरज नाही असे सांगितले होते.

दहा पन्नासला पत्नी गच्चीवर आली. तिने सांगितले, "सर तुमचं नाव घेऊन म्हणतायत, टेलर, आता शब्द ऐका. चारदा म्हणाले." मी तार सोडवून हातात धरली होती. मला वाटले, शब्द ऐकू नका असे सांगून आता तेच ऐकायला लावतायत, म्हणजे मी फसतो का बघतायत. तसे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मग उत्तर तरी द्या." मी म्हणालो, "माइक लावला आणि सेट जळला तर सरांना काय तोंड दाखवू?" ती खाली गेली. त्यानंतर ती सेटपासून हलली नाही, हे तिच्या बाजूने लिहावे. मी मात्र तार पुन्हा कापली आणि बटण बांधले.

अकरा पाचला तिने सांगितले, "आता बोलणं नाही. शिट्टी येतेय. तुटक तुटक." मी ओळखले की मधला जोड ढिला आहे. जोड उघडला तर खरोखरच तारेचा एक पदर सुटलेला होता. तो पिळून घट्ट केला. वरून विचारले, अजून तुटतेय का. ती म्हणाली, "थांबली." आपण दोष बरोबर धरला असे मला वाटले.

ती शिट्टी कशी होती, असे काल संध्याकाळी साहेबांनी पत्नीला विचारले. तिने टेबलावर बोटाने वाजवून दाखवली. तीन छोट्या, तीन लांब, तीन छोट्या. ही मदतीची खूण आहे. सरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. मी फक्त आवाज ऐकतोय हे त्यांना कळले असावे, म्हणून त्यांनी आवाजातूनच सांगितले. मी सुतळी आणि पक्कड घेऊन जोड दुरुस्त करत बसलो.

अकरा वीसला मी खाली आलो आणि हेडफोन लावला. खरखर अजिबात नव्हती. सर समोरच्या खुर्चीत बसून बोलावेत इतके स्पष्ट ऐकू आले. त्यांचे एकच वाक्य ऐकले. नंतर मिनिटभर काही आले नाही. मी वहीत लिहिले, "११.२०, आवाज नऊ, स्वच्छ." वही मी हजर केली आहे. मग सेट बंद केला. पत्नी म्हणाली, "राहू दे चालू." मी म्हणालो, काम झाले. चहा करायला सांगितला, तिने केला नाही, तो मी केला. मला फार आनंद झाला होता. तो खोटा नव्हता, आणि आता त्याचीच मला भीती वाटते.

सर साडेबाराला फोन करणार होते, आला नाही. मी एक आणि दोन वाजता केला, रिंग वाजत राहिली. अडीचला त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी नुकतीच कामावरून आली होती, ती दातांच्या दवाखान्यात असते. आम्ही दोघे रिक्षाने टेकडीखाली गेलो, तिथून चढून साडेतीनला खाणीपाशी पोहोचलो. सरांनी आपल्या छोट्या सेटची तार खाणीच्या ज्या भिंतीला बांधली होती, तिचा मोठा दगड त्यांच्या गुडघ्यावर होता. खाली रक्त सुकलेले होते. माइक हातात होता. सेट चालू होता. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे मृत्यू बारा ते एकच्या दरम्यान झाला. आमच्या घरापासून खाण पाऊण तासावर आहे. दहा पस्तीसला निघालो असतो तर काय झाले असते, हा हिशेब करायला मला कागद लागत नाही.

तिथेच मुलीने मला विचारले, "ते तुमच्याशी बोलत होते ना? काय म्हणाले?" मी सांगितले, "आवाज नीट येत नव्हता." हे खोटे आहे. आज सकाळी इथे बाहेरच्या बाकावर ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "काका, निदान तुम्ही ऐकत तरी होतात. बाबा एकटे नव्हते." मी मान हलवली. तेही खोटे आहे.

अकरा वीसला मी ऐकलेले वाक्य असे होते: "टेलर गच्चीवर असतील, खाली आले की ऐकतील."

त्यांनी बरोबर ओळखले म्हणून मला हसू आले होते. मी खाली आलेलो होतो. त्यानंतर मी सेट बंद केला. पुढे ते काय बोलले आणि किती वेळ बोलले, हे कोणालाच माहीत नाही. हे वाक्य मुलीला सांगू नये अशी माझी विनंती आहे. मला जी शिक्षा असेल ती मान्य आहे. यात कलम बसत नाही असे साहेब म्हणतात.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. वाचताना खोलीचे दार उघडे राहिले होते. मजकूर संपला तेव्हा सरांची मुलगी दारात उभी होती. तिने अकरा वीसचे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले, ते पुन्हा वाचण्यात आले. तिने मला विचारले, "काका, हे असंच आहे?" मी सांगितले त्याप्रमाणेच लिहिलेले आहे आणि ते बरोबर आहे.