तोंड मिटू नका

— नाही, नाही, मिटू नका, कौसर, तसंच राहू दे, उघडं, आणि जीभ मागे — लाईट गेलीय फक्त, बाकी काही नाही, मी इथेच आहे. मीच दचकले, तुम्ही कशाला दचकताय. दुखलं तर डावा हात वर, ठरलंय ना आपलं? बोलायचं नाही, गिळायचं तेही बेतानं. त्या साच्याखाली सिमेंट अजून मऊ आहे, लोण्यासारखं. निळ्या लाईटचा झोत पडल्याशिवाय ते घट्ट होत नाही, आणि तोवर थुंकी लागली की संपलं, दाताला धरतच नाही. थांबा, पडदा ओढते, उन्हानंही ते अर्धवट घट्ट होतं. थुंकी ओढायची नळीसुद्धा बंद पडली — असू दे, मी हातानं कापूस बदलत राहते. विमलाला पाठवलंय शेजारी, झेरॉक्सवाल्या संदेशकडे. त्याच्याकडे जनरेटर आहे, खिडकीतून वायर दिली तर झालं. देईल ना? देईल. मी वर्षभरात त्याच्याशी बोललेली नाही कधी. येता-जाता तो मान हलवतो आणि मी माझ्या चपला बघते.

काय विचारताय, भुवया वर करून? हे उंचवटे कशाला लागतात ते? मघाशी चहा पिताना सांगायचं होतं, पण मी दुसरंच बोलत सुटले. बघा, तो पारदर्शक ट्रे दातांवर टोपीसारखा बसतो. समोरचा दात थोडा सरकवायचा तर नुसत्या टोपीनंही सरकतो. पण तुमचा हा सुळा वळलाय, त्याला जागच्या जागी फिरवायचंय, आणि सुळा म्हणजे गोल, गुळगुळीत — ट्रेनं धरायचं कुठे? ट्रे सटकतो, दात आहे तिथेच. म्हणून ही तांदळाच्या कणीएवढी गाठ चिकटवायची. ट्रेमध्ये तिच्याच आकाराचा खळगा असतो, तो तिच्यावर घट्ट बसतो, आणि मग कुठे दाताला कळतं की आपल्याला कुणीतरी धरलंय — दाताला काय कळायचंय, मी पण.

तुमच्या मिस्टरांनी, तहाभाईंनी, कुवेतहून सगळं व्यवस्थित पाठवलं होतं, ट्रे, साचा, तिथल्या डॉक्टरांच्या सूचना. तुमचा व्हिसा संपला, तुम्हाला इकडे यावं लागलं, म्हणून चिकटवायचं तेवढं राहिलं. खरं तर मी नाहीच म्हणणार होते. मुंबईला आमच्या सरांना दोनदा फोन केला. रत्नागिरीत असलं कुणी बघितलंय? आणि या गाठी बसवायचा साचा हा एकच, संध्याकाळी तुमची मुंबईची गाडी, उद्या कुवेतचं विमान. बिघडलं तर — नाही बिघडणार. आ करा, कापूस बदलते.

बाबांना सांगायला हवं हे. बाबा पोफळीला असतात, पॉवरहाऊसमध्ये, मी तिथल्या कॉलनीतच वाढले. मागे म्हटलं त्यांना, वीज तुम्ही बनवता आणि मुलीच्या दवाखान्यात अंधार. तर म्हणाले, "आम्ही बनवतो गं, पाठवायची कुठे ते आम्हाला कोण विचारतंय." दर रविवारी फोन करतात, पेशंट कसे आहेत म्हणून. मी सांगते, बसायला जागा नसते. — हसू नका, कौसर, हसू नका, ओठ ताणला की साचा उचलला जातो. खोटं नाही तसं, बाहेर बाकच एक आहे.

विमला सकाळपासून बजावत होती, म्याडम, कौसर आली की लगेच बसवा हां, तीनला लाईट जाते. मला काय माहीत नव्हतं? लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर मीच चिकटवलंय. पण तुम्ही आलात, म्हटलं चहा होऊ दे. मग तुमच्या जयगडच्या घराचं निघालं, मग मी कॉलनीचा अल्बम काढला — पेशंटला कुणी अल्बम दाखवतं का? दुसरा कप पण मीच आणला. तुम्ही घड्याळ बघत होतात, दिसत होतं मला. पण म्हटलं तू एकदा गेलीस की — तुम्ही गेलात की मग इथे कोण. विमला आहे, पण ती पाचला जाते. पुढे मी बसून राहते आपली, कुणी आलंच तर म्हणून. जिन्यात पाऊल वाजलं की मी एप्रन सारखा करून उभी राहते, आणि ते तसंच वर निघून गेलं की मग —

अगं, रडतेस का? दुखतंय? हात वर करायचा ना मग. नाही दुखत? मग — थांब, मी टिपते, ओघळ तोंडात जायला नको. जायचं नाहीये का तुला? मला वाटत होतं तुला घाईच आहे जायची. एवढीशी गाठ ओली झाली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून, मग उद्याचं विमान काही — नाही, मी तसं म्हणत नाहीये. मला तसं म्हणायचंच नव्हतं.

आई गं — जनरेटर. केवढा आवाज. दिली की वायर त्यानं. विमला, इकडे, खिडकीतून घे, लाव. डोळे मिटा आता, कौसर, झोत डोळ्यांत जायला नको. हं. आता शेजारचा. सुळ्यावर जरा जास्त वेळ धरते, हलू नका. साचा सोलते हं, हळूच... गाठी राहिल्या दातांवर. सगळ्या राहिल्या. टोकानं ढकलून बघते — नाही, दगडासारख्या बसल्यात. पडायच्या नाहीत या.

गाल ताणून धरणारं प्लास्टिक काढते, चूळ भरा. बोला आता, किती वेळ झाला तुम्हाला —

काय? या काढायला? छे, त्यासाठी इतक्या लांब कशाला यायचं. दात सरळ झाला की तिथलाच कुणीही डॉक्टर घासून काढेल, दुखत नाही, खूणसुद्धा राहत नाही. — मघाशी मी विचारलं ते? ते राहू दे. नाही, खरंच, नका सांगू. तुमचं तोंड उघडं राहावं म्हणून मी आपली काहीबाही बोलत होते. जेवताना ट्रे काढायचा, बाकी दिवसभर दातांवर. जा, तुमचा भाऊ खाली रिक्षात कधीचा बसलाय. आणि दार लोटू नका जाताना — उघडंच राहू दे.