वनजाचा पान्हा

बाजूला ठेवा ती मोगऱ्याची फुलं आधी. बाजूला ठेवा म्हणते ना, भानुमतीअक्का — अय्यो, केसांत माळायला आणली असती तर मीच माळली असती तुम्हाला, पण मल्लिगे छातीला बांधून दूध आटवायचं म्हणजे काय? बाळ अजून धड डोळे उघडत नाही नि तुमच्या आईनं मार्केटातनं ओंजळभर आणून ठेवली उशाशी! हुणसूरची शाळा आहे, ठाऊक आहे, रजा संपली की फळ्यासमोर उभं राहायचंय — राहा की, कोण नको म्हणतंय? शिकवा नि पाजा. दोन्ही होतं. मी करते ना! नर्सिंगचं शेवटचं वर्ष, सकाळी क्लास, मग वॉर्डात ड्यूटी, नि घरी चामराजपुरमला माझा गुंडू, आत्ताशी पालथा पडायला लागलाय. काही होत नाही. माझंच पितो. फक्त माझं. धरा त्याला. असं नव्हे, नुसती मान नका दाबू — सगळाच वळवा तुमच्याकडं, पोटाला पोट लागू दे. हां. नि मला सिस्टर म्हणू नका, परीक्षा व्हायचीय अजून. अख्ख्या वॉर्डात मराठी बोलणाऱ्या तुम्ही नि मी, नुसतं वनजा म्हणा.

रडू दे. रडतोय म्हणजे भूक आहे, भूक आहे म्हणजे पिणार. थांबा हं, मला जरा हात असे छातीवर दाबून बसू दे — काही नाही हो, बाळ रडलं की होतं असं. कुणाचंही बाळ. अंगाला कुठं कळतं हे आपलं नि ते परक्याचं? इथं पोस्टिंग लागलं तेव्हा तर दारात पाऊल टाकलं की युनिफॉर्मवर समोर दुधाचे दोन डाग. लक्ष्मीदेवी मॅडम, आमच्या ट्यूटर, सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या — वनजा, पेशंट कोण आहे इथं, त्या की तू? हसल्या सगळ्या. मीही हसले, काय करणार. घरी जाऊन रडले. आमचे हे शिंपी — इथल्या आपल्या मराठी लोकांत दुसरं काय असणार — म्हणाले, रडणं साकु, पुरे झालं, मी शिवून देतो. नि शिवलं काय, तर आतनं बक्रम! कॉलर ताठ राहायला घालतात ना, ते. डाग बाहेर दिसायला नको म्हणून. शिंप्याचं डोकं, बाहेरनं बघणाऱ्याला काय दिसतं तेवढंच बघणार. बक्रमला असते खळ. दूध लागलं नि खळ सुटली — दुपारपर्यंत छातीला नुसता गोंद, नि वास असा आंबट की शेजारची मुलगी खुर्ची सरकवून बसली. बिचाऱ्यानं मग सगळं उसवून जुन्या धोतराची घडी घातली.

पण घडी तरी किती पिणार? म्हणून काढते. चादरींच्या खोलीत, दार लोटून, स्टीलच्या लोट्यात. — ठेवते कुठं म्हणजे? बेसिनमध्ये. नळ जोरात सोडायचा नि ओतायचं. फ्रिज आहे हो, इंजेक्शनांचा. मॅडम म्हणाल्या, तो काय तुझ्या स्वयंपाकघरातला आहे? खरंच आहे त्यांचं. बाहेर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत नासतं. सवय झालीय आता. छे, सवय कसली — डोळे मिटते मी ओतताना. — तो दिवसभर काय पितो? सासूबाई आहेत ना, अंबूताई. बाटलीनं देतात. गाईचं, पाणी घालून. — फक्त माझं म्हणाले मघाशी? रात्री हो. रात्री माझंच. प्यायचा. म्हणजे — गेल्या रविवारपर्यंत.

रविवारी सुटी होती. म्हटलं आज दिवसभर मांडीवरनं उतरवत नाही. घेतलं जवळ, नि त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं, पाठ ताठ करून असा किंचाळायला लागला — मी काय विष पाजत होते? नि अंबूताईंनी बाटली आणली, तर लगेच हसला मेला. इतका राग आला मला त्याचा! एवढ्याशा पोराचा राग येतो का कुणाला? मला आला. सासूबाईंचा आला, मग माझाच आला. मीच म्हणाले, जाऊ दे, मल्लिगे आणा, बांधते, आटू दे एकदाचं — डाग नकोत नि ओतणंही नको. वाटलं, सासूबाई खूश होतील. मी शिकायला बाहेर पडले तेव्हा आठवडाभर बोलल्या नव्हत्या माझ्याशी. तर म्हणतात कशा, "मी फुलं आणणार नाही. त्यानं सोडलंय, तू सोडू नकोस. रोज लावून बघ." रोज! म्हणायला काय जातं? रोज लावते नि रोज तो तोंड फिरवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, अल्लवा? नि इथं बसून तुम्हाला शिकवतेय, असं धरा नि तसं —

थांबा. हलू नका. धरलं त्यानं! हनुवटी टेकलीय बघा, जबडा हलतोय — ऐका, गिळतोय. दुखतंय? पहिल्यांदा दुखतं, मग हलकं वाटतं. रडताय कशाला, चांगलं झालं ना? कसा धरून बसलाय चोर, सोडायलाच तयार नाही. गुंडूही असाच प्यायचा. एक हात असा वर, माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत, झोप लागली तरी सुटायची नाही. — युनिफॉर्म ओला झालाय माझा? होऊ दे हो. आता कोण बघतंय मला.

— काय? जेवणाची सुटी कधी, ड्यूटी कधी संपते? संपली की. केव्हाच संपली. मॅडम गेल्या, मुलीही गेल्या. या खिडकीतनं चामराजपुरमची बस दिसते, येते नि जाते, मी बघतेय. नाही, घरी ठाऊक नाही. काम आहे असा निरोप दिला मैत्रिणीजवळ. जाईन, जाणारच आहे, कुठं पळून जातेय? त्यानं आजही तोंड फिरवलं तर मी काय करू, ते सांगता का तुम्ही? राहू दे. सुम्मने, नुसतं बसू द्या इथं, हा पितोय तोवर. बोलू नका आता.