‘आम्ही’ म्हणायची भीती

मंडळी, ऐका! आज कीर्तनात आधी एक प्रश्न. देव मनात आहे ना? आहे! मग नाम तोंडानं कशाला घ्यायचं? मनातल्या मनात चालत नाही का?

ते खांबाला टेकलेले आप्पा म्हणतायत, चालतं! आप्पा, मुलगी बघायला गेलात तेव्हा ‘पसंत आहे’ हे मनातल्या मनातच म्हणाला असता, तर काकू घरी आल्या असत्या का? बोलावं लागतं हो! चारचौघांत बोलावं लागतं!

आणि देशाचं काय? ‘आम्ही स्वतंत्र आहोत’ — हे मनात ठेवून भागतं? की ते कागदावर लिहून, चव्हाट्यावर उभं राहून, जीव मुठीत धरून वाचावं लागतं? देवकोंड गावाची गोष्ट सांगतो. ऐका!

साल एकोणीसशे तीस. देशात ठरलं होतं — सव्वीस जानेवारीला गावोगाव पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा वाचायची. इंग्रज गेला होता का? छे! खुर्चीत पक्का बसला होता! आणि कागदावर काय होतं? कष्टाचं फळ कष्टणाऱ्याचं. जे सरकार ते हिरावून घेतं, ते बदलायचा, मोडायचासुद्धा हक्क लोकांचा. एवढंच! पण एवढ्यासाठी बेड्या पडत होत्या.

देवकोंडात वाचणार होते नागेश मास्तर. आदल्या दिवशी दुपारीच त्यांना धरून नेलं. पण कागद सापडला नाही — कारण तो मास्तरांनी तानूबाईंकडे दिला होता. तानूबाई विधवा, वाचता येणारी बाई. आणि राहायची कुणाकडे? थोरल्या भावाकडे, रावजी भोइट्यांकडे. आणि रावजी कोण? गावचे पोलीस पाटील! म्हणजे सरकारचाच माणूस! बघा, देवानं काय गाठ मारून ठेवली!

दिवेलागणीला रावजी चावडीवरून आले ते पांढरेफटक होऊन.

‘तानू, उद्या फौजदार येतोय. वाचंल त्याला बेड्या. मागं म्हणंल त्याला बी सोडणार न्हाई.’

‘दादा, कागद माझ्याजवळ हाय.’

रावजींचा घास हातातच राहिला. ‘चुलीत घाल! आत्ताच्या आत्ता!’

‘न्हाई.’

‘अगं, पाटीलकी जाईल! पोरं उघड्यावर पडतील! मला त्या फौजदाराच्या शेजारी उभं ऱ्हायचं हाय, तानू. तुला बेड्या घालताना मी कुठं बघू?’

तानूबाई म्हणाल्या, ‘मला बी भ्या वाटतंय. पर आपल्या गावात वाचला न्हाई, तर सरकार म्हणंल — ह्या गावाला काय बी नकोय. गुमान बसलेल्याचं मन कुणी वाचतंय व्हय?’

रावजी भरल्या ताटावरून उठले.

दुसरा दिवस आठवडी बाजाराचा. पण बाजार कसला! कुणी भाव विचारेना, कुणी भाव सांगेना. देवळासमोर फौजदार, मागे लाठीवाले शिपाई, आणि शेजारी मान खाली घालून रावजी. लोक आले होते — पण कसे? पळायची वाट आधी बघून!

तानूबाई देवळाच्या पायरीवर चढल्या. पदर डोक्यावर. कागद दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. रीत अशी, की त्यांनी एक वाक्य वाचायचं आणि गावानं मागून म्हणायचं.

‘आम्ही...’ म्हणाल्या आणि थांबल्या.

कोण बोललं? — अहो, जरा टाळ थांबवा. मृदंग नको. ऐका ती शांतता! सारा बाजार, आणि चकार शब्द नाही. जो तो आपल्या पायांकडे बघतोय. आई पोराच्या तोंडावर हात ठेवतेय!

तानूबाई पुन्हा म्हणाल्या, ‘आम्ही...’ आवाज चिरकला.

फौजदार हसला. मोठ्यानं हसला! ‘बाई, आम्ही आम्ही काय लावलंय? कुठं आहे तुमचं आम्ही? तुम्ही तर एकट्याच दिसताय!’ आणि शिपायाला म्हणाला, ‘घाल बेड्या.’

शिपायानं मनगट धरलं. आणि मंडळी — फौजदाराच्या शेजारूनच, अगदी कानाशी आवाज आला —

‘आम्ही.’

रावजी! धोतर ओलं झालंय. हसू नका! खरं तेच सांगतोय. भीती गेली नव्हती हो! भीतीसकट बोलला तो माणूस!

‘पाटील, काय म्हणालात?’

‘“आम्ही” म्हणालो, साहेब. ती एकटी न्हाई. मी बी हाय.’

खांद्यावर लाठी बसली. रावजी गुडघ्यावर आले. आणि बांगड्यांच्या पालातून कासारीण ओरडली, ‘आम्ही!’ मग एक म्हातारा. मग आणखी दोघं-तिघं. मनगट शिपायाच्या हातात, तरी तानूबाई पुढचं वाचू लागल्या. सगळा गाव? नाही! खोटं सांगणार नाही. निम्मा बाजार पळाला. पण जे राहिले, ते लाठ्या खात, रडत, शेवटच्या वाक्यापर्यंत तानूबाईंच्या मागून म्हणत राहिले!

भाऊ-बहीण दोघंही तुरुंगात गेले. पाटीलकी गेली ती गेलीच. रावजींचा तो खांदा जन्मभर वर उचलला गेला नाही. आणि इंग्रज त्या संध्याकाळी गेला का? सतरा वर्षं आणखी बसला!

मग त्या कागदानं केलं काय? सांगतो. सकाळी देवकोंडात सरकारची रयत राहत होती. संध्याकाळी तिथं लोक राहत होते! राज्य मागाहून मिळतं, मंडळी. आधी ‘आम्ही कोण’ हे आपल्या तोंडानं सांगावं लागतं. म्हणून तर राज्यघटना लागू करायला तीच सव्वीस तारीख निवडली. आणि ती कुठल्या शब्दानं सुरू होते? ‘आम्ही’!

आता तुमचं बोला. परवा खालच्या आळीतल्या त्या पोरीला जात काढून पाणवठ्यावरून हाकलून दिलं. कितीजण होतात तिथं? सगळे! मनात सगळ्यांच्या होतं ना, हे बरोबर नाही म्हणून? होतं! आणि बोललं कोण?

मी थांबलोय. बोला ना. अहो, इथं तर फौजदारसुद्धा नाही!