देवळाची आंघोळ

सातारच्या मोटार अड्ड्यावर सांगलीची गाडी अजून लागायची होती. विष्णू कुंभार मांडीवर गाठोडं घेऊन बाकावर बसला होता. गाठोड्यात सांगलीच्या गणपतीच्या देवळाचे प्लास्टरचे छोटे नमुने होते; तो ते घडवी आणि लोक हौसेनं भेट देत. प्लास्टरला पाणी सोसत नाही, एवढं मात्र तो गिऱ्हाइकाला कधी सांगत नसे. शेजारी एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

"आवं, देव कोपला म्हनूनच शिखर झडलं."

"तू काय केलंस त्येनं कोपायला?"

"रोज आंगूळ घालत हुते देवळाला. कवातरी इटाळ झाला आसंल."

"पोरानं शोभंसाठी दिलं हुतं ते."

"लढाईवर जाताना दिलंय मानसिंगनं. आन शिखर झडलं, त्याच म्हैन्यापास्नं त्येचा कागूद न्हाई."

"कारागीर तर म्हनला हुता त्येला, दगडाची भुकटी हाय, शंभर वरसं हालत न्हाई."

"त्यो कशाला खोटं बोलंल? देवाची देवळं घडवनारा मानूस. चूक माजीच."

"तीन म्हैनं एकच वकत जेवतीस. आता पुरं कर."

"सांगलीला पायरीवर नाक घासते, मग जेवते."

विष्णूनं पांढरी पडलेली नखं मुठीत दडवली.

गाडी आली. म्हातारीला जागा मिळाली, विष्णू गाठोडं कवटाळून तिच्यापुढं उभा राहिला.

"काय हाय त्यात, भाऊ? लय जपताय."

सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"काचंची भांडी हायती, मावशी."

"मग द्या हितं. माज्या मांडीवर जपून ठिवते."