ठमीचं नाजूकपण

भाऊ : सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकल.

बहीण : एवढं सांगायला बस डेपोत लावून थेट माझ्या दुकानात? दादा, तिथे बसू नकोस, गिऱ्हाइकाचा कोट आहे.

भाऊ : ठमे, आधी मशीन थांबव.

बहीण : थांबवलं. बोल. पोटातल्या गाठीसाठी तारीख मिळायला तीन महिने गेले, आणि हा म्हणतो पुढे ढकल!

भाऊ : पोरीची दाढ काढली ना, गेल्या आठवड्यात. चार दिवस रक्त थांबेना. उशीचे अभ्रे बदलून बदलून तुझी वहिनी रडकुंडीला आली. शेवटी रक्त तपासलं.

बहीण : अगं बाई! आणि मला आज सांगतोस? कशी आहे?

भाऊ : बरी आहे, आइस्क्रीम मागतेय. डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. नस कापली की रक्तातल्या बारीक चकत्या धावत येतात, भोकावर बसतात. मग त्यांच्यावर धाग्यांचं जाळं धरतं, तेव्हा कुठे रक्त थांबतं.

बहीण : बरं, मग?

भाऊ : त्या चकत्या नसेला चिकटवणारं एक प्रथिन असतं. पोरीत ते कमी आहे. चकत्या येतात, पण टिकत नाहीत. हे जन्मापासूनचं, आईकडून नाहीतर बापाकडून आलेलं. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास? तर मला तूच आठवलीस.

बहीण : मी?

भाऊ : टाचणी टोचली तरी तासभर चिंधी गुंडाळून बसतेस. अंगावर काळेनिळे डाग. दर महिन्याला चार दिवस अंथरुणात.

बहीण : ते माझं नाजूकपण. घरात सगळे तेच म्हणायचे.

भाऊ : सुरुवात मी केली. तुझी शेवटची परीक्षा बुडाली, तेव्हा बाबांना मीच सांगितलं, नाटकं करतेय.

बहीण : (कोटाची उगाच घडी घालत) माहीत आहे. दाराआड होते मी.

भाऊ : आणि दाढी करताना कापलं की मी अर्धा अर्धा तास टॉवेल दाबून बसायचो! मला नाही कुणी नाटकी म्हटलं. परवा माझंही रक्त तपासलं. मलाही तेच आहे.

बहीण : म्हणजे... मी ढोंग करत नव्हते?

भाऊ : नाही गं.

बहीण : मलाच कधीकधी वाटायचं, करत असेन. इतकी वर्षं.

भाऊ : चुकलो मी, ठमे.

बहीण : रडू नकोस, कोट ओला होईल. ऑपरेशन होणार ना पण?

भाऊ : होणार. आधी तुझी तपासणी. मग गरज पडली तर रक्त थांबवायचं औषध देऊन ऑपरेशन. आधी ठाऊक असलं की सगळं सांभाळता येतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी रजा टाकलीय. आत्ताच चल, रक्त द्यायला.

बहीण : थांब, चपला घालते. पण सुई काढल्यावर कापूस तू दाबून धरायचा.

भाऊ : धरेन की. किती वेळ?

बहीण : थांबेपर्यंत.