ठीक नऊ वाजता घेतलेलं रक्त

हॅलो?… हो, येतंय ऐकू. डबा खातेय, चालेल. बोल.

…हो, मेल मीच पाठवली. दुसरं कोण पाठवणार?

…बरं… बरं… झालं बोलून? अगं, खोटारडी कोण म्हणतंय तुला? तुझ्या केंद्राचे आकडे परत तपास, एवढंच लिहिलंय… हो, हो… अगं ऐक ना.

बाळाला आठला फिट्सचं औषध दिलं की नऊला रक्त, अकराला रक्त, दोनला रक्त. बरोबर? आता तुझा तक्ता बघ. ठीक नऊ, ठीक अकरा, ठीक दोन. वर्षभर. एक सिस्टर, चार रडणारी बाळं, आणि चौघांना एकाच मिनिटाला सुई? दहा हात आहेत का तिला?

…फॉर्मवर वेळ छापलेलीच होती ना? तेच तर. तिने बरोबरची खूण केली, मोकळी झाली. रक्त घेतलं पावणेदहाला, कागदावर नऊ. तोवर रक्तातलं औषध उतरलेलं. मग आपलं गणित म्हणतं, औषध लवकर उतरतं, डोस वाढवा. सात किलोचं बाळ गं ते. उठायचंसुद्धा नाही.

…हो ना. औषधाच्या मापाचं गणित करतो, फार्माकोमेट्रिक्सवाले म्हणून मिरवतो, आणि घड्याळ बघायचं राहिलं.

…बाहेर पडतेस? गटातून? भातुकली आहे का ही?

…अगं, दहा किलोच्या आतली बहुतेक बाळं तुझ्याकडची. तू गेलीस की पुन्हा तेच, लांबच्या देशातल्या मोठ्या माणसांचा डोस घ्या आणि वजनाने भागा. ते थांबवायला तर आशियातली अकरा केंद्रं गोळा केली आपण. पाच वर्षं. दर गुरुवारी ऑनलाइन बैठक, कुणाची झोप मोडून, कुणाचं जेवण.

…बैठकीत कशी बोलणार? तिथे सगळे मान डोलावतात. ‘छान, छान.’ तुझी अब्रू जाऊ नये म्हणून मेल केली, तर तूच भांडतेस.

…आणखी कुणाचं? नऊ केंद्रांचं. तुझं धरून… माझं? हो. माझंही. फॉर्म मीच बनवला होता ना. वेळा छापल्या की सिस्टरांना सोपं जाईल म्हटलं. हस. हस बाई.

…उरलेल्या दोघांचं नीट आहे. म्हणजे गचाळ आहे. नऊ सत्तेचाळीस, अकरा बावीस, छापलेलं खोडून पेनाने लिहिलेलं. त्यातलं एक केंद्र बेटावरच्या सरांचं.

…तेच.

…आठवतंय गं. गेल्या वर्षी सगळ्यांसमोर म्हणाले मी त्यांना, ‘सर, तुमच्याकडे शिस्त नाही. बाकीच्यांचे तक्ते बघा.’ आणि वर तुझाच तक्ता दाखवला.

…काय म्हणणार? ‘छान, छान’ म्हणाले. पुढच्या गुरुवारपासून आलेच नाहीत. मला वाटलं, म्हातारा माणूस, नेट नसेल.

…वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

…नाही, मेल नको. सगळ्यांसमोर बोलले ना, मग माफीही सगळ्यांसमोरच. परवा गुरुवार आहे. आधी माझा तक्ता दाखवते, मग तुझा. चालेल?

…मग राहतेस ना गटात?

…बरं झालं. थँक्यू गं. पण माफीसाठी सर यायला हवेत. नंबर आहे तुझ्याकडे? माझ्याकडचा मी पुसून टाकला… हं, पाठव.

…बोलतेस त्यांच्याशी? अजून? कधीपासून?… दर आठवड्याला फोन करतात? मग सांगायचंस ना मला!

…काय विचारतात?

…बाळांचा डोस ठरला का?

…एवढंच? माझ्याबद्दल काही नाही?

…ठेव. ठेव गं फोन. त्यांना लावू दे मला.