खुर्ची कुणाची?

तुम्ही सगळे खुर्च्यांवर ऐसपैस बसून चहा पिताय म्हणून सांगते, या 'खुर्ची' शब्दामागे मी आठ दिवस हिंडले आहे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. वर्ध्याजवळच्या आमच्या गावात मी पंचायतीची पहिली बाई मेंबर झाले. सभेत चौघा पुरुषांना खुर्च्या आणि मला जमिनीवर पाट.

सरपंच म्हणाले, "खुर्ची परक्यांची वस्तू आहे, बाई. आपल्या बायाइले पाटच शोभते."

परक्यांची म्हणजे नेमकी कुणाची? सुताराला विचारलं, तर तो म्हणाला, "मले बनवता येते, बाकी काई माहीत नाई." शेवटी शाळेच्या मास्तरांकडून शब्दकोश मागितला आणि ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचला. शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. म्हणजे सरपंच खरंच बोलले होते.

पुढच्या सभेत पाटावर बसून मी म्हटलं, "भाऊ, तुमचं खरं निघालं. खुर्ची अरबांची आहे. मंग तुम्ही तिच्यावर काऊन बसून राह्यले? या खाली."

जमीन नुकतीच सारवलेली, ओली होती आणि सरपंचांचं धोतर पांढरंशुभ्र. त्यांनी गुपचूप घरून पाचवी खुर्ची मागवली.

माझे पाय खाली टेकत नव्हते, तरी सभा संपेपर्यंत मी उतरले नाही.